‘मला आठवत नाही’ या वाक्याचा इतिहास

भांडी घासून झाली असतील, किंवा सेकंड शिफ्टच्या बसची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभ्या असाल, तर जरा कान इकडे द्या. आज आम्ही एका वाक्याचा इतिहास सांगणार आहोत. वाक्य तुमच्या-आमच्या ओळखीचं आहे : ‘मला आठवत नाही.’

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. चाकणच्या बाजूला आमचा एक बचत गट आहे. त्यातली एक बाई. तिचं नाव, गाव सांगणार नाही, चार खुणाही बदलल्या आहेत, आणि हे सगळं तिला आधी वाचून दाखवून, तिने ‘बोला’ म्हटल्यावरच आज बोलतो आहोत. तर ही बाई हप्ता दिला की नाही ते विसरायची. एकदा दिलेला हप्ता चार दिवसांनी पुन्हा घेऊन आली. एकदा दिलाच नव्हता, आणि ‘दिला’ म्हणून भांडायला उठली. एकदा तर पासबुकावरची स्वतःची सही बघून म्हणाली, ‘ही मी केलीच नाही.’ बैठकीत बोलता बोलता तिची नजर भिंतीला चिकटायची. हाक मारली तरी ओ नाही. मग एकदम दचकून विचारायची, ‘कुठवर आलं?’ आम्ही काय म्हणालो असू? ‘नाटकं करते.’ पन्नास रुपये दंड लावला, आणि इतिवृत्तात तसं लिहिलं.

पुढे नवऱ्याच्या मारहाणीबद्दल जबाब द्यायला ती एका कार्यालयात गेली. आमच्यातल्या दोघी बरोबर होत्या. समोरचे साहेब विचारत होते : कोणत्या महिन्यात? दिवाळीच्या आधी की नंतर? आधी हाताने मारलं की पट्ट्याने? तिला क्रम लागेना. साहेब म्हणाले, ‘मागच्या वेळी तुम्ही वेगळं सांगितलं होतं.’ त्यावर ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, ‘डाळ करपल्याचा वास येत होता, एवढं पक्कं आहे.’ साहेबांनी पेन खाली ठेवलं. करपलेल्या डाळीचा वास कोणत्या रकान्यात लिहिणार?

त्या दिवशी घरी येताना आमच्या मनात पहिल्यांदा आलं की आपण हिला ओळखलंच नाही. मग आम्ही शिकायला लागलो. डॉक्टरांना विचारलं, समुपदेशक ताईंना विचारलं, जे वाचता आलं ते वाचलं. त्यातलं जे समजलं ते आज सांगतो.

आपल्यात म्हण आहे, जात्यावर बसलं की ओवी सुचते. ज्यांनी दळण दळलंय त्यांना ही म्हण समजावून सांगायला नको. ओट्यावर बसून आजीला म्हणा, ‘आजी, ओवी सांग,’ तर आजी म्हणते, ‘आता कुठली आठवायला.’ आणि तीच आजी खुंट्याला हात लावते, दगड फिरायला लागतो, की एकामागून एक ओव्या येतात. म्हणजे आठवण नुसती डोक्यात नसते. ती हातात असते, खुंट्यात असते, पहाटेच्या गारठ्यात असते. जागा मिळाली की ती उठते, नाही मिळाली की निजून राहते.

भीतीची आठवण तर फारच वेगळी साठते. जिवावर बेतलं की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग जोरात चालतो. त्याच वेळी, ‘हे कधी झालं, कुठे झालं, आधी काय, मागून काय’ असे शिक्के मारून आठवणींची फाईल लावणारा भाग नीट काम करत नाही. म्हणून वास राहतो, आवाज राहतो, कडीचा खडखडाट राहतो, पण तारीख राहत नाही. सुटी पानं राहतात, वही राहत नाही. आणि ज्या धोक्यातून पळता येत नाही, लढताही येत नाही, त्यात मन तिसरी वाट काढतं. ते तिथून निघून जातं. बाया सांगतात : ‘मी वर पत्र्याला लागून खाली बघत होते, मार दुसऱ्याच कुणाला तरी बसत होता.’ ‘सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं वाटत होतं.’ ‘दुपारी कणीक मळायला घेतली, त्यानंतर एकदम रात्रच झाली.’ याला डॉक्टर डिसोसिएशन म्हणतात. आम्ही आपलं ‘तुटून जाणं’ म्हणतो. हे वेड नाही आणि नाटकही नाही. जीव वाचवण्याची ती शरीराची सोय आहे. अडचण अशी की मार थांबला तरी ती सोय थांबत नाही. पुढे नुसतं कुणी दार जोरात लावलं तरी मन निघून जातं, आणि तेवढ्या वेळात दिलेला हप्ता, केलेली सही, मुलाने सांगितलेला निरोप, सगळं हातातून गळतं.

आता हे सगळ्यांनाच होतं का? नाही. आणि धक्क्या-धक्क्यातही फरक असतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. नेहमीच्या एसटीचा ड्रायव्हर गाडी घेऊन पोहोचला, तर समोर गावच नाही. दीडशेहून जास्त माणसं गेली. जे वाचले त्यांचा धक्का फार मोठा. पण त्याला एक तारीख आहे, सारं राज्य धावून आलं, दरवर्षी तो दिवस पाळता येतो. दुसरी एक दरड असते जी रोज संध्याकाळी सातला घरातच कोसळते, वर्षानुवर्षं. कोसळवणारा आपला बाप असतो, नवरा असतो, नात्यातला कुणी असतो. तिची तारीख कुठली सांगणार? पुन्हा पुन्हा झालेल्या, निसटायला वाट नसलेल्या आणि बहुतेक वेळा आपल्याच माणसाने केलेल्या अशा आघाताला आता गुंतागुंतीचा आघात म्हणतात. मुलगी लहान असताना तो सुरू झाला तर तुटून जाण्याची सवय फार खोल जाते, कारण तेव्हा मन अजून घडत असतं.

आपल्याकडे या अवस्थेला नाव नव्हतं असं मुळीच नाही. नावं भरपूर होती. रानात गेलेली बाई तासाभराने भलतीकडेच सापडली आणि कशी गेली ते तिला सांगता येईना, तर ‘चकवा लागला’. घरात आवाज बदलून बोलायला लागली तर ‘बाहेरचं लागलं’. केस मोकळे सोडून घुमायला लागली तर ‘वारं आलं’. मराठवाड्यातल्या गावांत बाया कुत्र्यासारखं भुंकायच्या, त्याला ‘भानामती’. अंगात येणाऱ्या प्रत्येक बाईला आघातच झालाय असं आम्ही म्हणणार नाही. जत्रेत, गोंधळात, देवीसमोर घुमण्याला आपली एक रीत आहे, आणि कित्येक बाया घुमून आल्या की शांत, मोकळ्या होऊन कामाला लागतात. पण एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. एरवी सासूसमोर तोंड न उघडणारी सून देवी अंगात आली की भर माणसांत सासूला जाब विचारते, आणि सासू तिच्या पाया पडते. दुसऱ्या दिवशी सुनेला त्यातलं काही आठवत नाही. सोयीचंच म्हणायचं, कारण आठवलं असतं तर मार पडला असता.

वाईट होतं ते पुढचं. भूत काढायचं म्हणून मिरच्यांची धुरी, साखळीने बांधणं, चाबकाचे फटके, केस धरून लटकवणं. जी बाई मारामुळे तुटली तिला बरं करायला आणखी मार. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, आणि अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं हा आज महाराष्ट्रात गुन्हा आहे. हे गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. आम्ही दाखवलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, ‘माझ्या वेळी का नव्हता गं?’ बाकी कुणी काही बोललं नाही.

गोऱ्या साहेबांच्या देशात फार शहाणपण होतं असंही नाही. तिथे अशा बायांना ‘हिस्टेरिया’ झाला म्हणायचे, आणि हा रोग गर्भाशयातून येतो असं शतकानुशतकं मानायचे. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या पिएर जाने नावाच्या माणसाने पुस्तक लिहिलं आणि सांगितलं की असह्य प्रसंगाच्या आठवणी मनाच्या मुख्य घरातून तुटून वेगळ्या खोलीत राहतात, आणि तिथून त्या बाईला चालवतात. सात वर्षांनी व्हिएन्नामध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी डॉक्टरांच्या सभेत मांडलं की या बायांच्या दुखण्याच्या मुळाशी लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार आहे. सभेला ते रुचलं नाही. पुढच्याच वर्षी फ्रॉइड स्वतःच्या म्हणण्यावर शंका घेऊ लागले, आणि हळूहळू ‘हे बायांच्या कल्पनेतलं असावं’ इथवर गेले. अमेरिकेतल्या डॉक्टर ज्युडिथ हर्मन यांनी यावर नेमकं बोट ठेवलंय : बायांचं खरं मानलं असतं तर शहरातल्या कितीतरी प्रतिष्ठित घरांकडे बोट गेलं असतं. थोडक्यात, बाईला आठवलं तरी पंचाईत आणि नाही आठवलं तरी पंचाईत.

पुढे पहिल्या महायुद्धात धडधाकट सैनिकांची वाचा गेली, आठवण गेली, पाय लुळे पडले, तेव्हा कुठे जग जागं झालं. पुरुषांना गर्भाशय नसतं ना! व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेल्या शिपायांमुळे १९८० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पुस्तकात आघातानंतरच्या आजाराला जागा मिळाली. आणि लढाई घरातही असते, तिथेही कैदी असतात, हे हर्मनबाईंनी १९९२ मध्ये ठणकावून सांगितलं. गुंतागुंतीच्या आघाताचं नाव तिथून पुढे आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ते बसायला मात्र २०२२ साल उजाडलं. यादी लागू झाली त्या वर्षी आमच्या त्या बाईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

आता आपल्या पट्ट्यात येऊ. लग्नाचा बस्ता बांधायला आपण पिंपरी कॅम्पात जातो. शगुन चौकात उतरतो, घासाघीस करतो, पिशव्या भरून परततो. ‘कॅम्प’ का म्हणतात, हे आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं. हा कॅम्प निर्वासितांचा. १९४७ ला देश तुटला. पंजाब आणि बंगालचे तुकडे झाले, पण सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. राष्ट्रगीतात सिंधचं नाव आहे, नकाशात आपल्याकडे एक बोटभर जमीन नाही. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग हिंदू सिंधी लोक जहाजं भरभरून मुंबईला उतरले. मुंबई इलाख्याच्या सरकारने त्यांच्यासाठी छावण्या काढल्या : कल्याणला, ज्याचं पुढे उल्हासनगर झालं, पवनेकाठी पिंपरीला, कोल्हापूरजवळ वळिवड्याला, आजच्या गांधीनगरात. वळिवड्याची गंमत म्हणजे, गंमत कसली, तिथे आधीच एक तुटलेलं गाव राहून गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियात हाकललेली पोलंडची हजारो माणसं, त्यात बहुतेक बाया आणि पोरं, १९४३ पासून तिथे होती. ती गेली आणि सिंधी आले.

पिंपरीच्या कॅम्पाने पुढे काय केलं ते आपण बघतोच. दुकानं उभी केली, मुलं शिकवली. शेजारी १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, पेनिसिलिन बनवणारा. मग टेल्को आली, बजाज आली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. औद्योगिक नगरीचा इतिहास म्हणून हाच सांगतात : किती कारखाने, किती कामगार, किती एकर. अंगावरच्या जखमा चिघळू नयेत म्हणून औषध बनवणारा कारखाना कॅम्पाच्या शेजारी होता. घर सोडून आलेल्या बायांच्या मनाच्या जखमांना मात्र ‘कामाला लाग, विसर’ एवढंच औषध होतं.

फाळणीत सगळ्यात जास्त भोगलं ते पंजाबकडच्या बायांनी. दोन्ही बाजूंनी मिळून पाऊण लाखाच्या आसपास बाया पळवल्या गेल्या असा अंदाज दिला जातो. १९४९ मध्ये सरकारने त्यांना शोधून आणण्याचा कायदा केला. पण त्या बायांना ‘तुला काय आठवतं’ असं विचारायला पन्नास वर्षं लागली. उर्वशी बुटालिया यांचं पुस्तक आणि ऋतू मेनन व कमला भसीन यांचं पुस्तक, दोन्ही १९९८ ला आली. या लेखिकांनी घरोघर जाऊन म्हाताऱ्या बायांना ऐकलं. बोलता बोलता गप्प होणाऱ्या बाया, एकच प्रसंग अर्धवट सांगून थांबणाऱ्या बाया. न सांगणं वेगळं आणि न आठवणं वेगळं, हे आम्हाला कळतं. पण पन्नास वर्षं जे कुणी विचारलंच नाही, ज्याला घरात शब्दच नव्हता, त्यातलं कुठलं विसरलं आणि कुठलं गिळलं, हे त्या बाईला तरी कसं सांगता येणार?

आणि आता ती गोष्ट, जी वाचताना आमच्या गटातल्या पोरी उठून बाहेर गेल्या. ऐकवत नसेल तर तुम्हीही पाच मिनिटं रेडिओ बारीक करा, चालेल.

२६ मार्च १९७२. विदर्भात देसाईगंजचं पोलीस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. एक आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, मजुरी करणारी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावाने केलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिला रात्री ठाण्यात बोलावलं होतं. बाकीच्यांना बाहेर घालवून दोन पोलिसांपैकी एकाने तिच्यावर बलात्कार केला, दुसऱ्याने अंगाला हात घातला, ही तिची फिर्याद. तिचं नाव देशभर झालं, पण आम्ही ते घेत नाही. सत्र न्यायालयाने १९७४ ला पोलिसांना सोडलं आणि तिलाच खोटारडी ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ ला शिक्षा दिली आणि एक फार मोलाची गोष्ट सांगितली : घाबरून निमूट पडून राहणं म्हणजे संमती नव्हे. १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखम नाही, आरडाओरडा केला नाही, मग विरोध केल्याचं खोटं, असा तो तर्क होता.

मैत्रिणींनो, वर आम्ही तुटून जाण्याबद्दल सांगितलं ते इथे आठवा. सापापुढे बेडूक थिजतो, तेव्हा त्याची संमती असते का? रात्र, पोलीस ठाणं, बंद दार, खाकी वर्दी, आणि पंधरा वर्षांची पोर. ओरडायला आवाज कुठून आणायचा? त्या पोरीच्या मनात नेमकं काय झालं हे आम्ही सांगू शकत नाही, तो तिचा अधिकार. पण थिजलेल्या अंगाला होकार समजण्याची चूक देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाने केली, एवढं इतिहासात नोंदलं गेलंय.

१९७९ च्या सप्टेंबरात चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. पुढच्या वर्षी मुंबई, दिल्ली, नागपूर, ठिकठिकाणी बाया रस्त्यावर आल्या. १९८३ ला कायदा बदलला. कोठडीत बलात्कार झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तसंच धरून चालायचं, हे तेव्हा आलं. आणि विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही, हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात यायला २०१३ साल लागलं. आज नव्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. नागपूरच्या न्यायमूर्तींना १९७६ ला जे कळलं होतं, ते छापायला सदतीस वर्षं गेली.

दरम्यान काही चांगलंही घडत होतं. मुंबईत १९८४ ला टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच आवारात बसायची. आता राज्यात ठिकठिकाणी असे कक्ष आहेत. २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र निघालं. मागची कल्पना साधी होती : मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी डॉक्टरकडे जाते आणि सांगते ‘पडले’. तर तिथेच कुणीतरी नीट विचारणारं पाहिजे.

आमचा पट्टा मात्र आठवणींना फार अवघड आहे, असं आम्हाला वाटतं. मावळ-मुळशीच्या डोंगरात हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, ते काम पुढे हजाराहून जास्त गावांत गेलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेराची ओढ, सीतेचा वनवास, जे माणसाला सांगता येत नव्हतं ते बाया दगडाला सांगायच्या. दगड फिरवून विचारत नव्हता, ‘मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंस.’ गावात गिरणी आली, हाताचे फोड वाचले, त्याबद्दल तक्रार नाहीच. पण ती पहाटही गेली. मग जमिनी गेल्या. ज्या शेताला ‘चिंचेचं’ म्हणायचो त्याचा आधी गट नंबर झाला, मग प्लॉट नंबर. विहीर बुजली. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारातून आलेल्या बाया महाळुंगे-खराबवाडीच्या दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात. अकरा महिन्यांनी खोली बदलते, ठेकेदार बदलतो, शेजारीण बदलते. आठवणीला टेकायला भिंत तर पाहिजे. बाई सांगायला लागली की ऐकणारी निम्मं ऐकते, आणि राहायला दुसरीकडे जाते.

मग करायचं काय? आम्ही शिकलो ते सांगतो. समोरची बाई बोलता बोलता निघून गेली असं वाटलं, तर हलवू नका, मागून हात लावू नका, घोळका करू नका. समोर बसून हळू आवाजात तिचं नाव घ्या. ‘आज मंगळवार आहे, आपण शाळेच्या खोलीत बसलोय, मी अमुक आहे.’ पाय जमिनीवर टेकवायला सांगा, थंड पाण्याचा तांब्या हातात द्या, आल्याचा तुकडा हुंगायला द्या. आमच्यातल्या एकीचं म्हणणं, कांदा जास्त चांगला. चाकणचा कांदा म्हटल्यावर वाद नको. ती परत आली की ‘कुठे गेली होतीस’ असं विचारू नका. चहा करा.

आठवणी उकरू तर अजिबात नका. आठवण म्हणजे सिनेमाची रीळ नाही, ती दर वेळी नव्याने जुळवली जाते, आणि टोचून विचारलं तर नसलेलंही त्यात मिसळतं. अमेरिकेत १९९० च्या सुमारास काही उपचारकांनी असं टोचून टोचून बायांकडून न घडलेलंही वदवून घेतलं, आणि त्यावरून घरं फुटली, खटले झाले. म्हणून जेवढं ती सांगेल तेवढंच, तिच्या शब्दांत. जाने आणि हर्मन, दोघांचाही क्रम एकच आहे : आधी सुरक्षितता, मग आठवणी. मार चालू असताना मनाचं औषध लागू पडत नाही.

विसरण्याची दुसरीही कारणं असतात. रक्त कमी असणं, थायरॉईड, बी-बाराची कमतरता, फिट येणं. आणि मार खाणाऱ्या बाईच्या बाबतीत एक हमखास विसरलं जाणारं कारण म्हणजे डोक्याला बसलेला मार. म्हणून डॉक्टरांकडे जायचंच, आणि ‘पडले’ न सांगता खरं सांगायचं. पिंपरीतल्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. फोनवर बोलायचं तर टेली-मानसचा नंबर १४४१६, फुकट, रात्रंदिवस, मराठीत. मार चालू असेल तर १८१ किंवा ११२. लहान मुलांसाठी १०९८. लिहून घ्या, आम्ही थांबतो.

आमची ती बाई आता कालनिर्णयवर लिहिते. हप्ता दिला की त्या तारखेवर फुली. घरात काही झालं की त्याच चौकोनात एक शब्द, तिलाच कळेल असा. दवाखान्याचे कागद एका पिशवीत. पिशवी तिच्या घरी नसते. दुसऱ्यांदा जबाब द्यायला गेली तेव्हा तिने कॅलेंडरच टेबलावर ठेवलं. या वेळी समोर बाई होत्या, त्यांनी पान पान उलटून बघितलं. डाळीचा वासही लिहून घेतला.

प्रकरण अजून चालू आहे. गेल्या बैठकीत आम्ही तिला दंडाचे पन्नास रुपये परत दिले. इतिवृत्तात कारण काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. कुणी म्हणालं ‘माफ केला’ लिहा, तर बाकीच्या म्हणाल्या, माफी तिने मागायची होती का? शेवटी सचिवताईंनी लिहिलं : ‘दंड चुकीने लावला होता.’ खाली सगळ्यांनी सह्या केल्या. तिनेही केली, आणि कॅलेंडरवर फुली मारली.